शंभरावर अडकलेला काटा

कोल्हापूरच्या बाजारात मी शिरले की दुकानदार आधी माझ्याकडे बघून हसतात आणि मग घाईने आपल्या काट्याकडे बघतात. मी वैधमापन खात्यात निरीक्षक आहे. लोकांची वजनं-मापं खरी आहेत की नाहीत ते बघायचं, हे माझं काम. आता काटे सगळे बोलके झालेत. भाजीवालीचा काटासुद्धा वजन, भाव आणि मेथी कुठल्या शेतातली हे गोड आवाजात सांगतो. पण गोड बोलणाऱ्यावर लगेच विश्वास टाकायचा नसतो, हे या नोकरीने मला शिकवलंय. माझ्या गाडीत आजही पितळेची प्रमाण वजनं असतात. काटा कितीही शहाणा असला तरी त्याने आधी शून्य दाखवायचं, मग माझं वजन बरोबर सांगायचं. बाकीच्या गप्पा त्यानंतर.

हा स्वभाव घरी आणू नकोस, असं माझा नवरा सुकुमार म्हणतो. सुकुमार शहराच्या विजेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघतो. त्याची पाळी दुपारची, म्हणून सकाळी मुलीची तयारी त्याच्याकडे. आणि तयारी म्हणजे मुख्यतः डोकं. जास्वंदीची फुलं आणि कढीपत्ता घालून तो स्वतः खोबरेल तेल कढवतो, ते सन्मतीच्या डोक्यावर थापतो, चांगलं चोळतो आणि दोन घट्ट वेण्या घालतो. गल्लीतल्या बायका मला विचारतात, "त्रिशला, वेणी कोण घालतं गं तुझ्या लेकीची?" मी सुकुमारकडे बोट दाखवते आणि त्याची छाती दोन इंच फुगते.

सन्मती आमची एकुलती एक. ही गोष्ट घडली तेव्हा नऊ वर्षांची होती, चौथीत होती, आणि तिच्या डोक्यात सतत काही ना काही चालू असायचं. मुंग्या वळणावर एकमेकींना धडकत कशा नाहीत इथपासून विहिरीतला आवाज उशिरा का परत येतो इथपर्यंत. आम्हा दोघांची उत्तरं कधीच संपली होती.

त्या वर्षी पालकसभेत बाई कौतुकाने म्हणाल्या, "सन्मती आता खूपच सुधारली हं. पूर्वी सारखी मध्ये बोलायची. आता शांत बसते. दोन-तीन उत्तरं चुकतात, पण सगळ्यांत मिसळते."

घरी येऊन मी तिला विचारलं, "काय गं, चुकायला कधीपासून लागलीस?"

"मुद्दाम चुकवतो," ती सहज म्हणाली. आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, मी आलो, मी गेलो.

"का?"

"सगळं बरोबर आलं की मधल्या सुट्टीत कोण माझ्याजवळ बसत नाही. दोन चुकलं की बसतात. तीन चुकलं की प्राची स्वतःहून भाजी पण देती."

ती हे अगदी शांतपणे सांगत होती. एका मैत्रिणीसाठी किती चुका कराव्या लागतात याचं माप माझ्या पोरीने काढून ठेवलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

त्याच महिन्यात मी तिला 'उन्मेष' वर्ग बघायला घेऊन गेले. जिल्ह्यातल्या विशेष बुद्धीच्या मुलांसाठी सरकारने काढलेला हा वर्ग. मुलं चाळीस, आणि ठरलेलं पुस्तक नाही. त्या दिवशी तिथली पोरं, रिकाम्या डब्यात काहीच नसतं की हवा असते की अजून काही असतं, यावर हातघाईवर आली होती आणि शिक्षक खाली मांडी घालून मजा बघत होते. सन्मती दारात थोडा वेळ उभी राहिली आणि मग कुणी न बोलावता आत जाऊन भांडायला लागली. परतीच्या वाटेवर तिचं तोंड घर येईपर्यंत बंद झालं नाही. मी ठरवलं, या पोरीला इथेच घालायचं.

प्रवेश मात्र यंत्राच्या हातात होता. पूर्वी लेखी परीक्षा होती, पण तिचे इतके क्लासेस निघाले की तीन-तीन वर्षांची पोरं आकृत्यांचे संच पाठ करायला लागली. तेव्हा सरकारने 'मेधामान' आणलं. दिसायला ती एक टोपी. आतल्या बाजूला रबरासारखे मऊ टोक असलेले कितीतरी संवेदक, ते केसांतून वाट काढून थेट डोक्याच्या कातडीला टेकतात. मुलाने समोरच्या पडद्यावर सरकणाऱ्या आकृत्या नुसत्या बघायच्या. बोलायचं नाही, लिहायचं नाही. एखादी वेगळी आकृती आली की सेकंदाचा तिसरा भाग उलटायच्या आत मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते. ती किती लवकर उठली, किती मोठी होती, कोडी अवघड होत गेली तशी ती कशी बदलली, यावरून यंत्र बुद्ध्यांक काढतं. शंभर म्हणजे त्या वयाची बरोबर सरासरी. एकशे तीसच्या वर असेल तर उन्मेष, तेही वरून पहिले चाळीस.

मला हे सगळं बेहद्द आवडलं होतं. ना भाषेची अडचण, ना क्लासची फी, ना ओळखीपाळखी. शेवटी एकदाचा कुणीतरी सच्चा काटा आणला, असं मी ऑफिसात चार जणांना ऐकवलंसुद्धा.

चाचणीच्या सकाळी सुकुमारने सन्मतीच्या डोक्याला रोजच्यापेक्षा दुप्पट तेल लावलं. "डोकं थंड ऱ्हायलं की कसं सगळं झ्याक सुचतंय," तो म्हणाला. लाल रिबिनी बांधल्या. पोरगी हसत आत गेली आणि हसत बाहेर आली.

निकाल आला, शंभर.

"शंभर म्हंजे पैकीच्या पैकी न्हवं?" सुकुमार आनंदाने म्हणाला.

मी त्याला शंभराचा अर्थ सांगितला. त्याचं हसू मावळलं. सन्मती मात्र टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे मी बरोबर मधी आलो! आता मला मुद्दाम चुकायला पण नको." तिने जरा जास्तच हसून दाखवलं आणि मग लवकर झोपायला निघून गेली. तिला झोप आली नव्हती, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

निकालावर अपील करता येत होतं. नियम असा की, मान्यताप्राप्त मानसशास्त्रज्ञाकडून मुलाचा बुद्ध्यांक वेगळा मोजून घ्यायचा आणि तो समितीपुढे ठेवायचा. मी राजारामपुरीतल्या आशालता शेणोलीकरबाईंकडे गेले. बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्याकडे यंत्र-बिंत्र काही नव्हतं. रंगीत लाकडी ठोकळे, चित्रं, आणि समोर बसून विचारायचे प्रश्न. मी बाहेरच्या खोलीत बसले होते. आतून आधी बाईंचा आवाज येत होता, मग दोघींचा, आणि शेवटी नुसता सन्मतीचाच.

बाई बाहेर आल्या त्या घाम पुसतच. "एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या दोन प्रश्नांत चूक आहे असं तिचं म्हणणं आहे. एका प्रश्नाबद्दल तिचं बरोबर आहे."

घरी मी नाचायचीच बाकी होते. पण सुकुमारच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं.

"त्या यंत्राचं आणि आपलं काय वैर हाय काय?" तो म्हणाला. "एकानं शंभर सांगितलं, एकानं एकशे बेचाळीस. तुला पाहिजे तो काटा तू खरा धरलीस. बाजारात कुणी असं केलं असतं तर दंड लावली असतीस."

मला ते झोंबलं. कारण मुद्दा बिनतोड होता.

"आणि खरंच शंभर असली तर?" त्याने हळूच विचारलं. "तुझी माया कमी व्हणार काय?"

"शंभर असेल तर शंभरावर जीव लावीन," मी म्हणाले. "पण नसताना शंभर म्हणून घेणार नाही. पोरगी शाळेत रोज स्वतःला कापून छोटी करत्येय, सुकुमार. आता यंत्रानेही तिला तेच सांगितलंय."

त्यावर आमचं बोलणं दोन दिवस बंद होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच आम्ही एका आकड्यावरून भांडलो. तरी अपिलाच्या दिवशी त्याने रजा टाकली, पहाटे उठून तेल गरम केलं, आणि पोरीच्या वेण्या अशा घट्ट घातल्या की तिच्या भुवया वर चढल्या. तेलाची लहान बाटली आणि कंगवाही पिशवीत टाकला, समितीपुढे जायच्या आधी बटा नीट करायला.

अपिलाचं दालन पालकांनी भरलेलं होतं. माझ्या शेजारी गडहिंग्लजच्या एक बाई बसल्या होत्या, सोबत त्यांची भाग्यश्री, सन्मतीएवढीच, चौकस डोळ्यांची.

"किती आला तुमचा?" बाईंनी विचारलं.

"शंभर."

"अय्या, आमचा पण शंभरच की."

पलीकडचे कागलचे गृहस्थ वळले. "आमचा बी शंभर, ताई."

माझे कान टवकारले. नव्याण्णव नाही, एकशे दोन नाही, सगळ्यांचा शंभर? मी सरळ उभी राहिले आणि बाजारात देते तसा आवाज दिला. "शंभर कुणाकुणाचा आलाय? हात वर करा जरा."

जवळजवळ सगळ्या दालनाने हात वर केले.

जो काटा बटाटे ठेवा, कांदे ठेवा, एकच आकडा दाखवतो, तो मोजत नसतो, अडकलेला असतो. असे काटे मी कितीतरी पकडलेत. तेलाच्या दुकानात तर हमखास सापडतात. पारड्याखाली तेल झिरपून घट्ट होतं आणि काटा जागचा हलत नाही. हे मनात आलं आणि मी समोर बघितलं. सगळ्या दालनात खोबरेलाचा वास भरून राहिला होता. ओळीने मुलीच मुली, चापूनचोपून घातलेल्या वेण्या, दिव्याच्या उजेडात चमकणारे भांग. चार-पाच मुलगे होते, त्यांचेही केस तेलाने कपाळावर चिकटवलेले. पोराचा महत्त्वाचा दिवस, म्हणून प्रत्येक घराने तेच केलं होतं. आजही आणि चाचणीच्या दिवशीही.

"सुकुमार," मी म्हणाले, "तेल."

त्याने बाटली पुढे केली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग सगळ्या डोक्यांकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. "माझ्या तेलानं?" तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात सन्मतीचं नाव पुकारलं गेलं.

आत समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. केतकी नाडकर्णी. गणितातलं मोठं नाव, खांद्यापर्यंत पांढरे केस, बोलणं मोजकं. त्यांच्या एका बाजूला एक शिक्षणाधिकारी बसून वारंवार घड्याळ बघत होते. दुसऱ्या बाजूला यंत्राच्या कंपनीतला तरुण तंत्रज्ञ इनामदार, पुढ्यात ती टोपी घेऊन.

"शेणोलीकरबाईंचा अहवाल आम्ही वाचला," डॉ. नाडकर्णी म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ठोकळ्यांच्या चाचणीची तयारी करून घेता येते. या टोपीला कुणी काही शिकवू शकत नाही."

"टोपी तपासली जाते का, मॅडम?"

"दर महिन्याला," इनामदार म्हणाला. "आमच्याकडे एक कृत्रिम डोकं आहे. त्यातून ठरावीक लाटा सोडतो आणि टोपी त्या बरोबर पकडते का ते बघतो."

"त्या डोक्याला केस आहेत?"

"केस... नाहीत."

"मग त्याला तेलही कुणी लावत नसेल."

डॉ. नाडकर्णींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. बाहेरचे हात, बाहेरचा वास, तेलाच्या दुकानातले काटे. मग म्हणाले, "मी काटा तपासते तेव्हा दुकानदाराचं वजन घेत नाही आणि गिऱ्हाइकाचंही घेत नाही. ज्याच्याबद्दल कुणालाच शंका नाही असं वजन ठेवते. या खोलीत अशी बुद्धी एकच आहे. मॅडम, तुमची."

शिक्षणाधिकारी खोकले. डॉ. नाडकर्णींनी मात्र टोपी उचलली आणि डोक्यावर चढवली. पडद्यावर आकृत्या सरकल्या, यंत्राने गोड आवाजात सांगितलं, "बुद्ध्यांक एकशे सत्तेचाळीस."

"आता तेल," त्या म्हणाल्या.

सुकुमार जागचा हलेना. "बाई, तुमच्या डोस्क्याला मी..."

"लावा हो. आमची आई गेल्यापासून कुणी लावलेलं नाही."

मग त्या कार्यालयात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या समोर, माझ्या नवऱ्याने राज्यातल्या नामवंत गणितज्ञ बाईंच्या डोक्यावर तेल थापलं. पहिल्यांदा बिचकत, मग सवयीने, बोटांच्या पेरांनी, कानामागून मानेपर्यंत. बाईंनी डोळे मिटले. "जरा मागे दाबा," त्या पुटपुटल्या. "तिथेच." सन्मती खुर्चीच्या हातावर बसून हे बघत होती. शेवटी सुकुमारने त्यांच्या आखूड केसांच्या दोन बोटभर वेण्या घातल्या, आणि घड्याळाकडे बघायचं विसरून शिक्षणाधिकारी तोंडावर रुमाल धरून हसायला लागले.

टोपी परत चढली. आकृत्या सरकल्या. यंत्र मघासारख्याच गोड आवाजात म्हणालं, "बुद्ध्यांक शंभर. सरासरी."

डॉ. नाडकर्णी इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "इनामदार, माझे सत्तेचाळीस कुठे गेले?"

इनामदार पडद्यावरच्या सपाट रेघांकडे बघत होता. त्याला घाम फुटला होता, पण मुलगा प्रामाणिक होता. "मॅडम, या लाटा विजेच्या हिशेबात नगण्य असतात, व्होल्टचे काही दशलक्षांश. तेल वीज वाहू देत नाही. संवेदक आणि कातडीच्या मधे तेलाचा थर आला की टोपीपर्यंत काही पोचतच नाही. टोपी जिथे बनली तिथे मुलांच्या डोक्याला तेल लावत नाहीत, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार."

"मग तिने 'मला ऐकू येत नाही' असं सांगायचं. शंभर कशाला सांगितलं?"

"थोडेफार संवेदक नेहमीच सुटतात. तिथे त्या वयाच्या सरासरी मुलाची लाट भरून घ्यायला यंत्राला शिकवलंय. इथे सगळेच सुटले, तेव्हा टोपीने... सगळंच सरासरी भरून टाकलं."

"म्हणजे पारड्यात काही नाही आणि काटा अंदाजपंचे वजन सांगतोय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "बाजारात असता तर मी आत्ता सील केला असता."

"बरोबर आहे," डॉ. नाडकर्णी म्हणाल्या. "सन्मतीचा यंत्राचा निकाल रद्द. शेणोलीकरबाईंचा एकशे बेचाळीस ग्राह्य. यादी लागली असली तरी एकेचाळिसावी खुर्ची टाकू."

माझे पाय हलके झाले. सुकुमारने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या तेलकट झाल्या.

तेव्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला. "फक्त एक. हे या खोलीतच राहू दे. बाहेरच्या सगळ्यांची परत चाचणी घ्यायची तर अख्खी यादी नव्याने लागेल, आणि मग तुमच्याही मुलीची जागा आज सांगता येणार नाही. अहवालानं ती आत येत्येय, तर येऊ दे."

खरं सांगते, 'हो' माझ्या जिभेवर आला होता. महिनाभर मी त्यासाठीच धावले होते. बाहेर भाग्यश्री बसलीय हे मला माहीत होतं, कागलचे गृहस्थ बसलेत हेही माहीत होतं, आणि तरीही आला होता. पण त्याआधी सन्मती बोलली.

"एकेचाळिसावी खुर्ची बसती काय हो वर्गात?" तिने डॉ. नाडकर्णींना विचारलं.

"बसेल की."

"मग बेचाळिसावी?"

"थोडं सरकलं तर तीही बसेल."

"आणि तेव्हा त्रेचाळिसावी आली तर?"

"थोडं आणखी सरकू," बाई म्हणाल्या आणि एकदम सावध झाल्या.

"म्हणजे कितीपण असल्या तरी अजून एक बसतीच," सन्मती म्हणाली. "असं तुम्हीच म्हणालासा. मग बाहेरच्या सगळ्या बसतील की."

दोन तेलकट वेण्यांसकट डॉ. नाडकर्णी पुढे वाकल्या. "इनामदार, हे विगमन आहे. पहिलं पाऊल पडतं, आणि प्रत्येक पावलानंतर पुढचं पडतं, म्हणजे सगळीच पडतात. हे मी पदवीच्या मुलांना आठवडाभर शिकवते आणि तरी निम्म्यांना कळत नाही."

"पण बाळ," शिक्षणाधिकारी म्हणाले, "खोलीला भिंती असतात."

"मग दोन खोल्या."

बाईंनी हसू आवरलं आणि तिला जवळ घेतलं. "सगळ्यांना परत मोजायचं झालं तर तुलाही परत मोजावं लागेल. एकशे बेचाळीस बाजूला राहील. चालेल?"

सन्मतीने माझ्याकडे बघितलं. आता उत्तर मला द्यायचं होतं. एकाच गिऱ्हाइकासाठी काटा दुरुस्त करून बाकीच्यांना त्याच खोट्या काट्यावर तोलायचं, हे मी आयुष्यात कुणाला करू दिलेलं नाही.

"काटा दुरुस्त करा," मी म्हणाले, "आणि सगळ्यांना परत तोला. आमच्या पोरीलासुद्धा."

सुकुमार मान खाली घालून डोळे पुसत होता, आणि हातांना तेल असल्यामुळे ते जास्तच चुरचुरत होते.

पुढच्या रविवारी परत चाचणी ठरली आणि सगळ्या जिल्ह्यात निरोप गेला, डोकं धुऊन, बिनतेलाचं आणा. वर्गाच्या आवारात मी असं दृश्य कधी बघितलं नव्हतं. शेकडो मुली, मोकळे भुरभुरीत केस, वारा सुटलेला. आया ओशाळून एकमेकींना सांगत होत्या, "रोज अशा झिंज्या नसतात हो आमच्या." तरीही सवयीने तेल लावून आणलेल्या पोरी होत्याच. सुकुमारने आवारातल्या नळाजवळ बादल्या मांडल्या, शिकेकाईचं पातेलं ठेवलं आणि एकेकीला ओणवं करून डोकी धुवायला घेतली. इनामदार टॉवेल घेऊन पुसायला उभा होता. यंत्रातली ती भरून घेण्याची खोड त्याने रात्रंदिवस बसून काढून टाकली होती. आता ऐकू आलं नाही तर टोपी सरळ सांगत होती, "मला काही कळत नाही, डोकं परत धुवा," आणि दर वेळी रांगेतली पोरं खिदळत होती.

सन्मती आत गेली तेव्हा मी आवारात फेऱ्या घालत होते. सुकुमारने मला थांबवून माझ्या हातात एका पोरीचं डोकं दिलं. "हे धू," तो म्हणाला. "फेऱ्या घालून काय हुतंय?" मी धुतलं. ओले केस बाजूला केले तर ती भाग्यश्री निघाली.

निकाल लागला. सन्मती आत होती. भाग्यश्री आत होती. कागलच्या गृहस्थांचा मुलगा आणि इतके सगळे आत होते की एका खोलीत मावणं शक्यच नव्हतं. शिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन दुसऱ्या खोलीचं कुलूप उघडलं. सन्मतीचा आकडा मला कळवला गेला, पण मी तो सुकुमारला सांगितला नाही आणि त्यानेही विचारला नाही.

वर्गाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे फाटकाशी उभे होतो. सन्मती धावत आली. चेहरा लालबुंद, धाप लागलेली.

"आई, आज मी हरलो!" ती ओरडली. "तीनदा! ती भाग्यश्री म्हणाली तुझं उत्तर चूक आहे. मी तासभर भांडलो. आणि खरंच चूक निघालं!"

मी खाली बसून तिचे खांदे धरले. "मुद्दाम चुकलीस?"

"छे!" तिला माझा प्रश्नच पटला नाही. "खरोखरचं चुकलो! पूर्ण जोर लावून चुकलो!"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं. ती एका पायावर उड्या मारत होती, आणि पलीकडून भाग्यश्री "उद्या ये मग, बघू!" म्हणून ओरडत होती.